मदत हवी आहे: मुलाचा पुढचा दात तुटलाय, रूट कॅनाल आत्ताच करायचं का?

नमस्कार मंडळी. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. काल संध्याकाळी सोसायटीत सायकलवरून पडला आणि वरचा पुढचा कायमचा दात तिरका तुटला. तुटलेल्या जागी मधोमध टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका दिसतोय. थंड पाणी लागलं की कळवळतो. तुकडा सापडला, तो दुधात घालून ठेवलाय.

कोथरूडमधल्या एका डॉक्टरांनी एक्स-रे काढून लगेच रूट कॅनाल आणि कॅप सांगितली. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, मूळ अजून पूर्ण वाढलेलं नाही, टोक उघडं आहे. वरवरची थोडीच नस काढून त्यावर एमटीए (उरलेली नस झाकणारं दातांचं खास सिमेंट) लावू, नस जिवंत राहिली तर मूळ वाढत राहील. तुकडाही कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या भरणाने) चिकटवता येईल. कॅप मोठेपणी. मला हेच पटतंय, पण उशीर झाला तर, ही धास्ती आहे. रात्रभर झोप नाही.

कोणाच्या मुलावर असे उपचार झालेत का? चिकटवलेला तुकडा किती टिकला? पुण्यात लहान मुलांचे चांगले दंततज्ज्ञ कोण? धनकवडीच्या भारती विद्यापीठ डेंटल कॉलेजचा अनुभव असेल तर तोही सांगा. उद्या सकाळीच निघायचंय.