सीमांच्या पुस्तकांत तस्कर नायक का होतो?

नवापूरवाला
विचित्र आंतरराष्ट्रीय सीमांवरची पुस्तकं मी मिळतील तशी वाचत आलोय. बार्ले गावात बेल्जियमचे 22 तुकडे नेदरलँड्सच्या पोटात, आणि मुख्य दरवाजा ज्या देशात उघडेल त्या देशाचं घर. 1659 च्या तहात स्पेननं आसपासची गावं फ्रान्सला दिली, पण पिरेनीज डोंगरातलं लिव्हिया ‘गाव’ नव्हे, ‘नगर’ म्हणून ते स्पेनकडेच राहिलं. हे वाचताना जेवणाची आठवण राहत नाही. पण तस्करीचं प्रकरण आलं की लेखकाचा सूर बदलतो. अंधारात लोणी पळवणारा चलाख ठरतो आणि नाक्यावरचा शिपाई बावळट.

आमचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. लोक बाकड्यावर बसून फोटो काढतात. पलीकडे दारूबंदी, इकडे नाही. बाटल्या नेताना सापडतो तो मोटरसायकलवरचा वीस वर्षांचा पोरगा. माल ज्याचा, तो कधीच सापडत नाही. त्या पोराची आई तालुका कोर्टाच्या पायरीवर बसलेली मी पाहिलीय. अशी आई मला या पुस्तकांत कुठेच भेटली नाही.

तापीकाठ, भुसावळ
दादा, सगळ्या पुस्तकांना एका मापानं मोजू नका. रॉय मॉक्सहॅमचं ‘द ग्रेट हेज ऑफ इंडिया’ वाचा, मराठीतही आलंय. इंग्रजांनी मिठावरच्या करासाठी सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची रेषा आखली होती. 1869 च्या सुमारास ती 2,300 मैल होती आणि तिच्यावर जवळजवळ 12,000 माणसं पहाऱ्याला. बऱ्याच भागात बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग लावून जितंजागतं कुंपण उभं केलं होतं. ते बुऱ्हाणपूरपर्यंत येत होतं. म्हणजे फारुकी सुलतानांच्या जुन्या खानदेशच्या राजधानीपर्यंत, आमच्या भुसावळहून रेल्वेनं तासाभराच्या वाटेवर!

मुंबई इलाख्यात कर कमी, कुंपणापलीकडे जास्त. मग पोत्यात मीठ लपवून नेणारी बाई गुन्हेगार होती का? मीठ न मिळाल्यानं माणसं कशी खंगतात हे मॉक्सहॅम सविस्तर सांगतो. तिथं नायक तस्कर नाही, खलनायक मात्र कर आहे. कुंपण वाढवण्यावर जोर देणारा जकात आयुक्त कोण, तर पुढे काँग्रेस स्थापन करणारा ह्यूम. 1879 मध्ये रेषा मोडली तेव्हा ती तस्करी आपोआप संपली.

नवापूरवाला
मिठाचं मान्य, भाऊ. मीठ पोटाला लागतं. पण अफूचं काय? अमर फारुकी यांच्या 1998 च्या ‘स्मगलिंग अ‍ॅज सबव्हर्जन’मध्ये माळव्याची अफू ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी चुकवून पाली, कराची, दमणमार्गे कशी जायची ते आहे. अभ्यास कसदार आहे, वादच नाही. कंपनीला धक्का बसला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे भांडवल आलं, हेही खरं. पण ती पेटी शेवटी चीनमध्ये उघडली जायची. ओढणाऱ्याचं घर बुडत होतं. कंपनीला छळलं म्हणून तस्करी पुण्याची कशी होईल?

सराफगल्ली, जळगाव
पुण्याची कोणी म्हटलंय? मी सोन्याच्या घरातला, म्हणून राहवत नाही. 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, 14 कॅरेटच्या वर नवे दागिने घडवायला बंदी. माझे आजोबा कारागीर. 22 कॅरेटखेरीज गिऱ्हाईक उंबरा चढत नव्हतं. देशभर सोनार देशोधडीला लागले, कित्येकांनी जीव दिला. 1968 च्या कायद्यानंही लोकांची सोन्याची हौस थांबली नाही. माल दुबईहून गलबतांनी येत राहिला, पैसा मोठ्या टोळ्यांनी खाल्ला. 1990 मध्ये कायदा रद्द झाला तोवर आजोबा भट्टी विसरले होते. तस्कर घडवला कायद्यानं. पुस्तकांनी हे सांगितलंच पाहिजे, मग सूर कसाही असो.

नवापूरवाला
आबा, तुमच्या आजोबांबद्दल वाईट वाटतं. पण तुमच्या हकिगतीतसुद्धा गलबतवाला श्रीमंत झाला आणि मेला कारागीर. मी तेच म्हणतोय ना!

सातपुड्याची लेक
दादा, तुमचं दुखणं बरोबर आहे, पण बोट चुकीच्या जागी ठेवताय. मला तस्करीच्या प्रकरणापेक्षा गमतीचं प्रकरण जास्त टोचतं. दहाला खागराबाडीचं उदाहरण बहुतेक याद्यांत असतं: भारताच्या शेताभोवती बांगलादेश, त्याभोवती भारत, त्याभोवती पुन्हा बांगलादेश. वाचून आपण टाळ्या वाजवतो. पण बांगलादेशात भारताचे 111 आणि भारतात बांगलादेशचे 51 असे छिटमहाल, म्हणजे दुसऱ्या देशानं वेढलेले तुकडे होते, तिथली माणसं मिठाच्या पुडीसाठीही परक्या देशातून जायची. पोरांना शाळेत घालायला दुसऱ्याच माणसाला बाप म्हणून लिहायची. बाजाराला जाणंच बेकायदा असेल तर तस्कर कोणाला म्हणायचं? 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री अदलाबदल झाली, म्हणजे फाळणीनंतर 68 वर्षांनी.

तापीकाठ, भुसावळ
ताई, हे मी कोड्यासारखंच वाचलं होतं. छिटमहालच्या माणसांच्या तोंडून लिहिलेलं काही मराठीत आलंय का? असेल तर सांगा, जळगावला आलो की शोधतो.

नवापूरवाला
मलाही हवंय. आणि आबा, तुमच्या आजोबांच्या भट्टीचं तुम्हीच लिहा. मी त्या कोर्टाच्या पायरीवरच्या आईकडे परत जाऊन येतो, ती बोलली तर इथंच टाकीन.