मिमिक टिअर घेऊन जिंकणे हे जिंकणे नव्हे का?

गोदाकाठ

‘सध्या कोणता गेम खेळत आहात’ या गप्पांमध्ये मी परवा लिहिले होते की ‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेममध्ये मालेनिया या अतिशय अवघड शत्रूला अखेर हरवले. त्यावर एकांडा शिलेदार यांनी एका ओळीत निकाल देऊन टाकला : “मिमिक टिअर बोलावून हरवले असेल, तर त्याला हरवणे म्हणत नाहीत, सोपेच हवे असेल तर दुसरा गेम खेळावा.” (मिमिक टिअर म्हणजे झुंजीत सोबतीला बोलावता येणारा, आपलीच प्रतिकृती असलेला आत्मा.) ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

माझे वय 43 आहे. कारखान्यात यंत्रात सापडलेल्या उजव्या अंगठ्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून तो पूर्ण वाकत नाही. मालेनिया हवेत उडी घेऊन क्षणभर तरंगते आणि मग वारांचा पाऊस पाडते, त्या क्षणी काय करायचे हे मला पक्के ठाऊक असते. अंगठा मात्र पाव सेकंद मागे राहतो आणि तेवढ्यात सगळे संपते. तीन आठवडे रोज रात्री अकरानंतर मी एकट्याने प्रयत्न केला. मग गेममधल्या नोक्रॉन या भूमिगत शहरात जाऊन मिमिक टिअर मिळवली आणि जिंकलो.

ही मदत मी बाहेरून आणलेली नाही. आत्म्यांना बोलावण्याची घंटा गेम सुरू होऊन तासभर होतो न होतो तोच चर्च ऑफ एले या ठिकाणी रेना नावाची जादूगारीण स्वतः आपल्या हाती देते. ती बनवणाऱ्यांनीच तिथे ठेवली आहे. मग ती वाजवली म्हणून मी गेम खेळलोच नाही, हे कोणत्या हिशेबाने?

एकांडा शिलेदार

आपल्या अंगठ्याबद्दल मला माहीत नव्हते आणि त्याबद्दल मनापासून वाईट वाटते. तरीही माझे मत बदललेले नाही आणि ते का, हे सांगायला हवे.

2022 साली मी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो आणि पूर्वपरीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालो होतो. घरी फोन करायची हिंमत नव्हती. रूम पार्टनरच्या पीएस4 या गेम कन्सोलवर हा गेम होता. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारातला शत्रू मार्गिट काठी उचलतो आणि ती तशीच वर धरून ठेवतो. आपण घाबरून वार चुकवायला आधीच लोळलो, की मग तो मारतो. मी वहीत एकेका प्रयत्नाची रेघ ओढत होतो, अशा 47 रेघा झाल्या. अठ्ठेचाळिसाव्या वेळी मला पहिल्यांदा कळले की त्याच्या काठीकडे न बघता खांद्याकडे बघायचे आणि वाट बघायची. त्या पहाटे मी घरी फोन केला. ती घंटा माझ्याकडेही होती, पण मी ती वाजवली असती तर तो मी बोलावलेल्या लांडग्यांच्या आत्म्यांशी झुंजत राहिला असता, मी मागून चार वार केले असते आणि मला काहीही कळले नसते. या गेमचे दिग्दर्शक मियाझाकी यांचे गेम अडचण पार केल्याच्या आनंदावर उभे आहेत आणि त्यांनी 2009च्या ‘डीमन्स सोल्स’पासून सोप्याचा पर्याय कधी दिला नाही, तो याचसाठी. मिमिक टिअर जरुरीपेक्षा जास्त बलवान झाली होती, हे तर कंपनीनेही मानले. मार्च 2022च्या अपडेटमध्ये तिची ताकद कमी केली गेली, ती उगाच नव्हे.

गोदाकाठ

ताकद कमी केली, पण काढून टाकली नाही, हेही सांगावे. तिला बोलावताना आपल्याच हेल्थमधून, म्हणजे जीवनशक्तीतून, 660 गुण जातात. मालेनियाचा वार कोणालाही लागला तरी तिची जखम भरून येते, म्हणजे सोबत आणलेला आत्मा मार खात राहिला, तर तो तिलाच पोसतो. ही मदत फुकट नाही. आणि मियाझाकींचेच नाव घेतलेत म्हणून सांगतो, 2024 साली ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ या गेमच्या जोडभागाच्या सुमारास दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितले होते की ते स्वतः खेळण्यात कच्चे आहेत आणि मिळेल ती मदत घेऊन खेळतात.

आपल्या 47 रेघांचा मला आदर आहे. पण त्या आपल्या आहेत. त्या माझ्यावर का ओढता?

तिरपी रेघ

दोघेही वारांबद्दल बोलत आहात, पण माझा खरा छळ वाचण्यात झाला. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. या गेममधले लोक शेकडो वर्षांपूर्वीच्या वळणाची इंग्रजी बोलतात आणि निम्मी कथा वस्तूंच्या वर्णनांत लपलेली आहे. मी मांडीवर शब्दकोश घेऊन खेळलो. कोण कुठे गेले याची नोंद गेम ठेवत नाही. भेटलेल्या माणसांची खूण नकाशावर दिसायची सोयसुद्धा नंतरच्या अपडेटमध्ये आली. विकीवर, म्हणजे खेळाडूंनीच लिहिलेल्या माहितीकोशात, बघून खेळणाऱ्याला हिणवणारे शिलेदार यांच्याच पंथाचे असतात, म्हणून हे इथे लिहिले. मला समजावे म्हणून मी विकी उघडली. त्यात लाज कसली?

निशिगंधा

माझी तक्रार याहून साधी आहे. हा गेम थांबवता का येत नाही?

माझ्या वडिलांना रात्री दोन-तीनदा उठवून बाथरूमला न्यावे लागते. ते झोपले की मी आवाज बंद करून खेळते. मागच्या आठवड्यात गॉड्रिक या बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूच्या, हातावर ड्रॅगनचे तोंड आलेले होते आणि त्याच्या हेल्थची पट्टी नखाएवढी उरली होती. तेवढ्यात बाबांनी हाक मारली. मी कंट्रोलर दिवाणावर ठेवून धावले. दहा मिनिटांनी परत आले, तर लाल अक्षरांत ‘यू डाइड’ येऊन गेलेले होते आणि मी धुक्याच्या दाराबाहेर उभी होते. मेन्यू उघडला तरी मागे सगळे चालूच राहते. गेम अवघड असल्याची माझी तक्रार नाही. वडिलांच्या हाकेला ओ दिली म्हणून मी हरावे, हा कोणता कस आहे?

एकांडा शिलेदार

ताई, गेम थांबवता आला की त्यातला ताण जातो. मधेच थांबून शांतपणे शस्त्र बदलायचे, औषध शोधायचे, चहा घेऊन यायचे आणि पुन्हा सुरू करायचे, तर ती झुंज कशी? शिवाय हा ऑनलाइन गेम आहे, दुसरा खेळाडू हल्ला करायला आपल्या जगात शिरू शकतो. त्याच्यासाठी जग कसे थांबणार? घरात अशी अडचण असेल तर ग्रेसजवळ, म्हणजे गेममधल्या विसाव्याच्या जागी, बसून राहावे आणि सलग वेळ मिळेल तेव्हाच बॉसकडे जावे.

निशिगंधा

सलग वेळ. गेल्या चार वर्षांत मला सलग वेळ कधी मिळाला, ते तुम्हीच सांगा. ज्याला मध्यरात्री कोणी हाक मारत नाही, त्याला हा सल्ला फार सहज देता येतो. तुमच्या त्या 47 प्रयत्नांत एकदाही कोणाचे अंथरूण बदलायला उठावे लागले नसेल, तर कृपा करून मला वेळेचे नियोजन शिकवू नका.

गोदाकाठ

ताईंना असे उत्तर देणे शोभत नाही, शिलेदार. आणि ते माहितीच्या दृष्टीनेही चूक आहे. ‘एल्डन रिंग’मध्ये आपण एकट्याने खेळत असू आणि मुद्दाम आमंत्रण दिले नसेल, तर दुसरा खेळाडू हल्ला करायला आपल्या जगात येऊच शकत नाही. जुन्या ‘डार्क सोल्स’मध्ये येऊ शकत असे, तेव्हा तो युक्तिवाद पटण्यासारखा होता. याच कंपनीचा 2019चा ‘सेकिरो’ थांबवता येतो. तो सोपा आहे असे म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्याच्यातला ताण कुठे गेला?

तिरपी रेघ

शस्त्र बदलण्याची भीती असेल, तर पडदा नुसता गोठवावा आणि मेन्यू उघडू देऊ नये. हे काही अशक्य काम नाही. ‘सेलेस्ट’मध्ये 2018 सालीच खेळाचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येत होता. ‘हेडीझ’मध्ये गॉड मोड सुरू केला की इजा 20 टक्क्यांनी कमी होते आणि प्रत्येक मरणागणिक आणखी 2 टक्क्यांनी घटत जाते. ज्याला नको तो ते सुरू करत नाही, आणि या सोयींमुळे त्या दोन्ही गेमची प्रतिष्ठा जराही कमी झाली नाही.

एकांडा शिलेदार

निशिगंधाताई, काल मी जे लिहिले ते विचार न करता लिहिले. क्षमा असावी. माझ्या आजोबांचे शेवटचे वर्ष आईने असेच काढले आणि तेव्हा मी शेजारच्या खोलीत दार लावून अभ्यासाला बसलेला असे. तुमचा प्रतिसाद वाचून ते आठवले.

थांबवण्याच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर उरलेले नाही. सेकिरोचे उदाहरण मला आधीच आठवायला हवे होते. मात्र मिमिक टिअरबद्दल मी तसूभरही हटलेलो नाही. हाताला दुखापत असेल तर गोष्ट वेगळी, पण धडधाकट माणसाने दुसऱ्याच प्रयत्नाला ती बोलावून ‘मालेनिया सोपी आहे’ असे सगळीकडे लिहीत सुटावे, याचा मला संताप येतो आणि येत राहील. त्या एका ओळीत मी आपल्यालाही त्याच माळेत ओवले, गोदाकाठ, एवढी चूक मान्य आहे.

एक गोष्ट उपयोगाची असेल म्हणून सांगतो. इक्विपमेंटच्या पानावर हेल्पचे बटण दाबून ‘मेन्यू एक्सप्लनेशन’ निवडले, की एकट्याने खेळताना सगळे गोठते. हे मला पहिल्यापासून माहीत होते. मी त्याला पळवाट समजत होतो, म्हणून सांगितले नाही.

गोदाकाठ

दुखापत असेल तर चालेल, ही सवलत मला नको आहे. माझा अंगठा धड असता तरी मी ती घंटा वाजवली असती आणि तेही हरवणेच ठरले असते. मालेनिया सोपी आहे असे मी कधीही लिहिलेले नाही आणि लिहिणारही नाही. या मुद्द्यावर आपले जमणार नाही, हे मी धरून चालतो.

निशिगंधा

काल रात्री ते करून पाहिले. पहिल्या वेळी बटणे शोधण्यातच मेले. दुसऱ्या वेळी बाबांची हाक आली तेव्हा जमले. त्यांना पाणी दिले, कूस बदलून दिली, पांघरूण नीट केले आणि पंखा एकवर आणला. परत आले, तर गॉड्रिकची कुऱ्हाड हवेत तशीच होती.