सोलापुरात जरा 'कलाकुसरीचं' हॉटेल आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी मावसबहीण आणि तिचे मिस्टर संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा बघायला येतायत. दोघंही चित्रकार. मागे जयपूरला एका जुन्या हवेलीतल्या हॉटेलात राहिले, भिंतीभर चित्रं, प्रत्येक खोली वेगळी. आता म्हणतात, "तुमच्याकडेही तसंच काहीतरी बघ." आमचं घर दोन खोल्यांचं, नाहीतर प्रश्नच नव्हता.

मी स्टेशनजवळची आणि सात रस्त्याची तीन-चार हॉटेलं पाहून आलो. स्वच्छ आहेत, पण भिंतीवर तीच ती धबधब्याची छापील फ्रेम! ज्या गावच्या चादरीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, तिथं हॉटेलच्या पलंगावर साधी पांढरी चादर. चित्रकार एम. एफ. हुसेन जन्मले ते पंढरपूरही आपल्याच जिल्ह्यात. असो.

कुणी जुना वाडा किंवा बंगला नीट सजवून पाहुण्यांना देतं का? खोल्या दोनच असल्या तरी चालतील. सिद्धेश्वर मंदिरापासून रिक्षाने पोचता यावं, रात्री शोभेच्या दारूकामाहून परत यायचंय. भाडं तीन-साडेतीन हजारांपर्यंत. यात्रेत खोल्या लवकर भरतात, म्हणून आत्ताच विचारतोय. स्वतः राहिलेल्यांनी सांगितलं तर बरं, फोटोवर माझा विश्वास नाही.