एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन गेम: सॉर्सररला (जादूगार पात्राला) कोणते सेट (एकत्र घातल्यावर बोनस देणाऱ्या वस्तू) घालू?

प्रश्न: कालच सीपी (चॅम्पियन पॉइंट, म्हणजे पात्राची पातळी) १६० झालो. अंगावर पाच सेटचे तुकडे, बोनस एकाचाही पुरा नाही. डंजनमध्ये (टीमने खेळायच्या मोहिमेत) बॉस मरता मरत नाही, टीमला माझ्यामुळे ताटकळावं लागतं, फार वाईट वाटतं. काय घालू?

उत्तर १: आधी हिशोब बघ. कपडे ७, दागिने ३, काठी एकच पण मोजली जाते २. एकूण १२, म्हणजे ५+५+२. अंगावर जुलियानोस सेटचे पाच, दागिने आणि काठी मदर्स सॉरो सेटची, डोकं-खांदे मॉन्स्टर सेटचे (दोनच तुकड्यांचा सेट). माझा हाच जोड आहे, मनापासून सांगतो.

प्रश्नकर्ता: दागिने कुठे मिळतील?

उत्तर २: गेममधल्या देशान भागातल्या डार्क अँकरवर (शत्रू उतरतात आणि सगळे मिळून लढतात ती जागा). जुलियानोस मात्र बनवावा लागतो, प्रत्येक तुकड्याला सहा ट्रेट (वस्तूचे खास गुण) शिकलेले हवेत. गिल्डमध्ये (खेळाडूंच्या गटात) विचार, कुणीतरी नक्की बनवून देईल.