मदत हवी आहे : बुरशींच्या जीनोमची (सगळ्या डीएनएची) तुलना कशी करू?

नमस्कार मंडळी, मी निपाणीजवळची, एमएस्सीला आहे. आमच्या काळ्या रानात हरभऱ्याला दरसाल मर लागते. वाळलेलं झाड उपटून खोड उभं चिरलं की आत तपकिरी रेघ दिसते, ती फ्युजेरियमची. बाबा पेरणीआधी शेणखतात ट्रायकोडर्मा मुरवतात. एक बुरशी मारणारी, दुसरी तारणारी, म्हणून प्रकल्पाला हाच विषय घेतला.

टोमॅटोवरच्या फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमच्या 15 गुणसूत्रांपैकी 4 उपरी आहेत, आणि त्यातली दोन निरुपद्रवी वाणात गेली की तोही रोग करतो, हे 2010 साली दिसलं. (वाचून झोप उडाली!) ट्रायकोडर्मा रीसीचा जीनोम सुमारे 34 दशलक्ष बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा), व्हायरेन्स या दुसऱ्या जातीचा 39.

अडचण अशी : प्रत्येक जीनोममध्ये कोणती जीन आहेत त्याच्या तयार याद्या वेगवेगळ्या पद्धतींनी केलेल्या आहेत. ऑर्थोफाइंडर (वेगवेगळ्या जीवांतली सारखी जीन जुळवणारा प्रोग्राम) एखादं जीन 'नाही' म्हणतो, ते खरंच नाही की यादीतून सुटलंय? सगळ्या जीनोमची जीन-ओळख एकाच पद्धतीने नव्याने करावी का? माझ्या लॅपटॉपला 8 जीबी रॅम, तो आताच धापा टाकतोय. बेळगाव-कोल्हापूरकडे कुणाकडे मोठं मशीन असेल तर सांगा, मी येऊन बसते.