यूसीडमधले ठोकळे, घड्या, फिरवलेल्या आकृत्या: वेग कसा वाढवावा? (इंदूर)

रामबागची आई
मुलगी बारावीत आहे, जानेवारीत यूसीड देणार, म्हणजे डिझाइनच्या बी.डेस. पदवीची प्रवेश परीक्षा. आयआयटी इंदूरलाही आता बी.डेस. आहे, त्यामुळे घराजवळच शिकता येईल अशी आशा आहे. चित्रकलेचा हात चांगला आहे, पार्ट बी ची काळजी नाही. अडतंय ते पार्ट ए मध्ये. ठोकळ्याची घडी, फिरवलेली वस्तू, पृष्ठं मोजा, दुमडलेल्या कागदाला भोक पाडा, असले प्रश्न आले की गाडी थांबते. ५७ प्रश्नांना १२० मिनिटं, म्हणजे एकाला जेमतेम दोन मिनिटं. ही एकेका ठोकळ्यावर पाच-पाच मिनिटं बसते आणि घाई केली की चुकते. मागच्या सराव परीक्षेत असे १२ प्रश्न होते, ५ बरोबर आले, आणि शेवटचे आठ प्रश्न वाचायचेच राहून गेले. भंवरकुआंला एक क्लास लावलाय. तिथे सांगतात, "डोळे मिटा आणि मनात फिरवा." तिला मनात फिरवता येत नाही. परवा रात्री त्यावरून रडली. हे शिकून येतं, की उपजतच लागतं? कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

लोकमान्यनगर
ताई, शिकून येतं. मी पॉलिटेक्निकमध्ये बरीच वर्षं इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवलं. पहिल्या वर्षाला निम्म्या मुलांना समोरचं दृश्य आणि वरचं दृश्य यांचा मेळ घालता यायचा नाही. दिवाळीपर्यंत तीच मुलं भराभर काढायला लागायची. पण त्यांच्या हातात आधी लाकडी ठोकळा असायचा. हातातून गेलेलं नसेल तर मनात काय फिरवणार?

आज संध्याकाळी एवढं करा. मोठा बटाटा घ्या, त्याचा शक्य तितका नीट घन कापा आणि निळीच्या दाट पाण्यात बुडवून काढा. वाळला की तिन्ही दिशांनी दोन-दोन काप द्या, २७ तुकडे होतील. ते तिला वेगळे करू द्या. तीन बाजू निळ्या असलेले ८, ते कोपरे. दोन बाजू निळ्या असलेले १२, ते कडांचे. एकच निळी बाजू असलेले ६, आणि एक अगदी पांढरा, जो मधोमध दडलेला होता. तो पांढरा तुकडा स्वतःच्या बोटांनी बाहेर काढला की रंगवलेल्या घनाचं सूत्र पाठ करावं लागत नाही. मग बटाटा न कापता विचारा, तीन-तीन काप देऊन ६४ तुकडे केले तर? उत्तर सांगू नका.

दुसरं काम घडण्यांचं. घडणी म्हणजे घन उलगडला की मिळणारा सपाट आकार, क्लासवाले ज्याला नेट म्हणतात तो. घनाची घडणी ११ प्रकारांनीच होते. आलेखाच्या कागदावर अकराही काढून कापायला लावा. प्रत्येक घरात एक अक्षर लिहायचं. आणि हे फार महत्त्वाचं आहे: कुठल्या अक्षरासमोर कुठलं येईल ते आधी वहीत लिहायचं, मग घडी घालायची. नुसत्या घड्या घालून बघितल्या तर मजा येते, पण डोळा तयार होत नाही. अंदाज चुकला आणि हातातल्या कागदाने तो दाखवून दिला, तेव्हाच शिकणं होतं.

छप्पन्नवाली (बी.डेस., दुसरं वर्ष)
काकू, मीही इंदूरचीच. आधी तिला एक सांगा: मनात फिरवायला वेळ लागतो हा तिचा दोष नाही. १९७१ मध्ये शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं होतं की वस्तू जितक्या जास्त कोनातून फिरवावी लागते, तितका वेळ वाढत जातो. म्हणून परीक्षेत अख्खा ठोकळा फिरवायचाच नाही.

घडणी दिली की पहिल्यांदा समोरासमोरच्या जोड्या लिहायच्या. सरळ ओळीत मधलं एक घर सोडून पलीकडचं, ती जोडी. समोरासमोरची पृष्ठं एकाच वेळी दिसूच शकत नाहीत, म्हणून ज्या पर्यायात दोन्ही दिसतात तो खोडायचा. एक-दोन पर्याय बहुतेक इथेच जातात. मग उरलेल्यांत एक कोपरा धरायचा. तिथे भेटणारी तीन पृष्ठं घड्याळाच्या दिशेने वाचायची, समजा क-ख-ग. ठोकळा कसाही ठेवला तरी तो कोपरा क-ख-ग असाच वाचला जातो. क-ग-ख आलं की पर्याय चूक.

पृष्ठं मोजताना नजर भटकते, म्हणून ती दिशेने मोजायची: वरून दिसणारी सगळी, मग खालची, पुढची, मागची, डावी, उजवी, मग तिरपी आणि वक्र. रफ कागदावर सात-आठ आकडे मांडायचे आणि बेरीज करायची. आरपार भोक असेल तर आतली भिंतही पृष्ठच, मी दोनदा तिथेच चुकले होते.

आणखी एक. २०२५च्या पेपरात आकडा लिहायचे १४ प्रश्न होते, त्यांना निगेटिव्ह नव्हतं, म्हणून तिथे रिकामी जागा सोडायची नाही. एकच पर्याय निवडायच्या प्रश्नांत चुकीला ०.७१ गुण जात होते, तिथे दोन पर्याय खोडल्याशिवाय हात लावू नये. दीड मिनिटात सूर सापडला नाही तर खूण करून पुढे. घरीही घड्याळ लावूनच ही सवय करायची, पण ती शेवटच्या सहा आठवड्यांत. आत्ता घड्याळ लावलं तर ती पुन्हा घाबरेल.

राजवाडा_सकाळ
मी एसएससीची (सरकारी नोकरभरतीच्या परीक्षेची) तयारी करतोय, त्यातलं एक: आरशातलं घड्याळ असेल तर ११:६० मधून वेळ वजा करा. ४:२० चे ७:४० होतात. बारा ते एकच्या मधली वेळ असेल तर २३:६० मधून.

रामबागची आई
तिघांचेही मनापासून आभार. बटाटा कालच केला, दोघींची बोटं अजून निळी आहेत. ६४चं उत्तर तिने स्वतः काढलं: ८, २४, २४, ८. अकरा घडण्यांपैकी नऊ तिला आपल्या आपण सापडल्या, दोन मी दाखवल्या. कोपऱ्याची युक्ती अक्षरं असली की बरोबर जमते. पण पृष्ठावर बाण असला की पुन्हा गोंधळ. तिथे काय करायचं?

छप्पन्नवाली
बाण कुठल्या शेजाऱ्याकडे बघतोय ते लिहायचं, काकू. "बाण ख कडे", बस. वर, खाली, डावीकडे असं लिहायचं नाही, कारण ठोकळा फिरला की तेही बदलतं. शेजारी बदलत नाही. कापलेल्या घडण्या ठेवल्या असतीलच, त्यांवरच बाण काढा, बाणाचा शेजारी वहीत लिहा आणि मग घडी घाला.