स्टेरॉइडचं मलम लावून झालेलं गजकर्ण ओळखायचं कसं?

दिव्याची फॅमिली डॉक्टर:
ठाण्याजवळच्या दिवा गावात माझं क्लिनिक आहे. पावसाळ्यात जांघेतल्या आणि कमरेवरच्या खाजेचे पेशंट रोज येतात. कडेला उठलेलं गोल रिंगण दिसलं की प्रश्न नसतो. पण बहुतेकांनी आधीच मेडिकलमधून ट्यूब आणून लावलेली असते. चट्टा पसरट, लालसर, कोंडा जेमतेम. एक्झिमा की बुरशी (म्हणजे गजकर्ण), कशावरून ठरवायचं? माझ्याकडे साधा मायक्रोस्कोप आहे, वूड्स लॅम्प (त्वचा तपासायचा अतिनील दिवा) नाही.

त्वचारोगतज्ज्ञ, ठाणे पश्चिम:
मायक्रोस्कोप आहे ना, मग केओएच कराच, म्हणजे त्वचेची खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवून स्लाइडवर बघा. नुसतं बघून गोळ्या लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आधी जागा स्पिरिटने पुसा, मलमाचा थर निघायला हवा. खरवड चट्ट्याच्या मधून नको, कडेवरून घ्या. बुरशी तिथे वाढत असते. स्लाइडवर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाका, कव्हरस्लिप ठेवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मायक्रोस्कोपचा कंडेन्सर (स्लाइडखालचं प्रकाश गोळा करणारं भिंग) खाली घ्या, आधी 10, मग 40 चं लेन्स. पेशींच्या सीमा ओलांडून सरळ जाणारे, पडदे असलेले, फांद्या फुटलेले तंतू दिसले की बुरशी. पेशींच्या कडांचं जाळंही नवख्याला तंतूच वाटतं, पण ते सीमेसीमेनेच फिरतं.

स्टेरॉइड लावलेल्या चट्ट्यात लाली दबते, बुरशी मात्र माजते. त्यामुळे डोळ्यांना फसवणाऱ्या या चट्ट्यात स्लाइड बरेचदा भरभरून पॉझिटिव्ह येते. रिंगणात रिंगण दिसलं तर ट्यूबबद्दल खोदून विचारा. पेशंट नाव सांगत नाहीत, घरून ट्यूबच आणायला सांगा. घरात आणखी कोणाला खाज आहे, टॉवेल एकच आहे का, हेही विचारा. दिव्यात एका खोलीत पाच-सहा माणसं राहतात, त्यामुळे हा प्रश्न टाळून चालत नाही.

जांघेत कडा न उठलेला, एकसारखा तपकिरी पट्टा असेल, खाज फारशी नसेल, तर एरिथ्राझ्मा आठवा. तो जिवाणूंचा असतो, वूड्स लॅम्पखाली पोवळ्यासारखा लाल चमकतो. असा पेशंट पुढे पाठवताना ती जागा न धुता यायला सांगा, धुतल्यावर चमक जाते.

लॅब टेक्निशियन, वाशी:
कल्चरला (लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायला) पाठवायची खरवड काळ्या कागदाच्या घडीत, कोरडी पाठवा. बंद ओलसर डबीत नको, जिवाणू माजतात. रिपोर्टला चार आठवडे लागू शकतात. फॉर्मवर आधीची औषधं लिहा, डॉक्टर बहुधा ती जागा कोरी सोडतात. नख असेल तर केओएच जास्त तीव्र घ्या आणि वेळही जास्त द्या.

दिव्याची फॅमिली डॉक्टर:
दोघांचे आभार. कल्चर सगळ्यांचंच करायचं का? आणि केओएच निगेटिव्ह आलं तर?

त्वचारोगतज्ज्ञ, ठाणे पश्चिम:
सगळ्यांचं नको. नीट गोळ्या घेऊनही हटत नसेल तेव्हा करा. आपल्याकडे गजकर्णाच्या बुरशीचा ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हा प्रकार पसरलाय. हे नाव त्याला 2020 मध्ये मिळालं, आणि त्याचे बरेच स्ट्रेन (उपप्रकार) टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधाला दाद देत नाहीत. कल्चरमध्ये तो मेंटाग्रोफायटिस या त्याच्या जवळच्या बुरशीसारखाच दिसतो, नक्की ओळख पटवायला जनुकीय तपासणी लागते.

एका निगेटिव्ह स्लाइडवर बुरशी नाही असं ठरवू नका, विशेषतः पेशंट बुरशीविरोधी मलम लावत असेल तर. सगळ्या ट्यूब बंद करून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा खरवडा. स्टेरॉइड थांबलं की खाज आणि लाली उसळते, हे पेशंटला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो पुन्हा मेडिकलच्या काउंटरवर जाऊन तीच ट्यूब घेईल.